वाळलेल्या अळंबीचं नाव दर वेळी वेगळं निघतंय? चावी बाजूला ठेवा, आधी पाकीट तपासा

तक्रार साधारण अशी येते. पावसाळ्यात आंबोली, तिलारी किंवा चोर्ल्याच्या बाजूला गोळा केलेली अळंबी वाळवून पाकिटात ठेवली होती. दिवाळीनंतर सवडीने सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. चावी, म्हणजे एकेक लक्षण विचारत नावापर्यंत नेणारी प्रश्नमालिका, लावत गेल्यावर आधी ल्युकोअगॅरिकस हे गणाचं (जवळच्या जातींच्या गटाचं) नाव निघालं. काही दिवसांनी दुसरा तुकडा घेतला तर मॅक्रोलेपिओटा. त्याच पाकिटातून सहकाऱ्याने स्लाइड केली, तिला आयोडीनमध्ये स्पोर, म्हणजे बीजाणू, निळसर दिसले, म्हणजे कुळच बदललं. आता पाकिटावर लिहायचं काय?

यावर बहुतेक जण दुसरी चावी शोधतात, आणि त्याने सहसा काहीच हाती लागत नाही. चावी प्रत्येक टप्प्यावर आपल्यालाच प्रश्न विचारत असते. स्पोरच्या ठशाचा, म्हणजे टोपी कागदावर ठेवल्यावर पडणाऱ्या भुकटीचा, रंग कोणता, आयोडीन लावल्यावर स्पोर कसे वागतात, लांबी किती, गिलच्या, म्हणजे टोपीखालच्या पात्यांच्या, आतले धागे कोणत्या दिशेने लागलेत. ताज्या अळंबीवर ही उत्तरं पक्की मिळतात. वाळक्या नमुन्यावर त्यातली बरीचशी आपण अंदाजाने देतो, आणि तो अंदाज रोज बदलतो. म्हणून नावही बदलतं. खालच्या गोष्टी त्याच क्रमाने तपासा. स्पोर नीट फुललेच नसतील तर पुढे मेल्झर (आयोडीनचं द्रावण) लावून किंवा मोजमाप करून काही साधत नाही.

आधीच सांगतो, हे सगळं संग्रहातल्या नमुन्याचं नाव ठरवण्यासाठी आहे. वाळक्या पाकिटावरून निघालेल्या नावाच्या भरवशावर कुणीही अळंबी शिजवायला घेऊ नये.

स्पोर चेपलेले, सुरकुतलेले दिसतात

अर्ध्याअधिक घोटाळ्यांचं मूळ इथे असतं. वाळताना पातळ भिंतीचे स्पोर एका बाजूने आत बसतात. काही होडीसारखे दिसतात, काहींना कोन आल्यासारखे वाटतात. वारुळावर उगवणाऱ्या टर्मिटोमायसिसचं एन्टोलोमा होतं ते असंच. वारुळावरच्या अळंबीच्या गिल्स वाळल्यावर गुलाबी-तपकिरी होतात, एन्टोलोमाच्याही होतात. त्यात स्पोरला कोपरे दिसले की चावी सरळ एन्टोलोमाकडे नेते. फरक ओळखायला एकच स्पोर बघू नका, सगळं क्षेत्र बघा. एन्टोलोमाचा कोनेदारपणा जवळपास प्रत्येक स्पोरमध्ये, कुठल्याही बाजूने वळला तरी दिसतो. चेपलेल्या स्पोरमध्ये मात्र प्रत्येकाचा आकार वेगळा असतो आणि मधूनच एखादा गुळगुळीत, टम्म फुगलेला स्पोर सापडतो. तो फुगलेला खरा.

नुसत्या पाण्यात वाळकं ऊतक नीट फुलत नाही. वाळका बोंबील पाण्यातून नुसता काढून खाता येत नाही, तसंच हे आहे, वेळ द्यावाच लागतो. गिलचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा ब्लेडने कापा आणि आधी ९५ टक्के अल्कोहोलचा एक थेंब टाका. त्याने अडकलेली हवा निघते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे काळ्या कडांचे गोळे हे बहुतेक वेळा तेलाचे थेंब नसतात, हवेचे बुडबुडे असतात. अल्कोहोल उडायच्या आत ३ ते ५ टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाका आणि काही मिनिटं थांबा. घाई असेल तर स्लाइड खालून किंचित कोमट करा, उकळू देऊ नका. मग काँगो रेड या रंगाने रंगवून कव्हरस्लिपवर पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकाने हलकं ठोका. जोरात दाबलं की बॅसिडिया, म्हणजे स्पोर धरणाऱ्या पेशी, फुटतात आणि त्यांच्यावर किती टोकं होती, दोन की चार, हे कळायचा मार्ग बंद होतो.

केओएचबाबत दोन गोष्टी लक्षात असू द्या. बाटली उघडीच राहत असेल तर द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतं, त्याचं कार्बोनेट होतं आणि जोर जातो. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या बाटलीतून काढलेल्या थेंबात ऊतक फुललं नाही, तर दोष नमुन्याला देऊ नका. ताजं द्रावण करा, प्लास्टिकच्या बाटलीत भरा, तारीख घाला. दुसरं म्हणजे केओएच रंग धुऊन टाकतं. टोपीच्या सालीतले काही रंगद्रव्याचे थर त्यात विरघळतात. त्यामुळे सालीचा पहिला तुकडा साध्या पाण्यात बघा, त्याचं टिपण करा, आणि मगच केओएचकडे वळा.

मेल्झर कधी हो म्हणतं, कधी नाही

मेल्झरचं द्रावण म्हणजे आयोडीन, पोटॅशियम आयोडाइड, क्लोरल हायड्रेट आणि पाणी. स्पोरची भिंत निळी-काळी झाली तर अमायलॉइड, तांबूस-तपकिरी झाली तर डेक्सट्रिनॉइड, नुसती पिवळट राहिली तर दोन्ही नाही. शिकवताना हे सोपं वाटतं, स्लाइडवर मात्र गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे तुकड्यात मागे राहिलेलं केओएच. अल्कलीमुळे आयोडीनचा रंगच उडतो आणि क्लोरल हायड्रेटचं विघटन होऊन द्रावण गढूळ होतं. स्लाइडवर पांढुरकं ढग आल्यासारखं दिसलं तर तो निकाल धरू नका. केओएचमध्ये फुलवलेला तुकडा गाळणकागदाच्या कडेने टिपून घ्या, पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि मग मेल्झर टाका. काँगो रेड अमोनियात केलं असेल तर तेही धुतल्याशिवाय मेल्झरला हात लावू नका. त्याहून बरं म्हणजे आयोडीनसाठी वाळका तुकडा थेट मेल्झरमध्ये टाकायचा. फुलायला वेळ लागतो, पण निकाल शंकेविना मिळतो.

डेक्सट्रिनॉइड रंग हळू येतो. पहिल्या मिनिटात 'नाही' लिहून मोकळं होऊ नका. अर्धा तास स्लाइड तशीच राहू द्या आणि परत बघा. रंग पुसट असला तर सूक्ष्मदर्शकाच्या पिवळ्या दिव्याखाली एकेका स्पोरकडे बघून ठरवू नका. गिलचा तुकडा मेल्झरच्या थेंबात घालून स्लाइड पांढऱ्या कागदावर धरा आणि नुसत्या डोळ्याने बघा. एका स्पोरमध्ये ओळखू न येणारी निळाई घोळक्यात स्पष्ट दिसते.

आणि तुलनेसाठी नियंत्रण-नमुना ठेवा. त्याच स्लाइडवर शेजारी दुसऱ्या कव्हरस्लिपखाली रसुला किंवा लॅक्टॅरियसच्या ओळखीच्या नमुन्याचा तुकडा घाला. त्यांच्या स्पोरवरचे काटे, जाळी काळीनिळी झालीच पाहिजे. झाली नाही तर बाटली टाकून द्या. एवढं केलं की सहकाऱ्याशी होणारे निम्मे वाद मिटतात. क्लोरल हायड्रेट मिळवणं त्रासाचं आहे म्हणून अनेक महाविद्यालयांत लुगोलवर (क्लोरल हायड्रेट नसलेल्या आयोडीनच्या द्रावणावर) भागवतात. अमायलॉइड आहे का एवढंच बघायचं तर चालेल, पण लुगोलवरून डेक्सट्रिनॉइडचा निकाल देऊ नये.

मोजमाप जुळत नाही

इथे फार वेळ घालवणार नाही, कारण उपाय साधा आहे आणि कंटाळ्यापोटीच टळतो. आयपीसमधली पट्टी आणि ऑब्जेक्टिव्ह यांची जोडी बदलली की मोजणीही बदलते. प्रयोगशाळेत आयपीस इकडचे तिकडे होत असतील तर पट्टी परत तपासून घ्या. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर आयपीसचे ४० भाग स्टेजच्या १० भागांवर बसले तर आयपीसचा एक भाग २.५ मायक्रॉन. ही आकडेमोड चिठ्ठीवर लिहून सूक्ष्मदर्शकाला चिकटवून ठेवा. मोबाइल आयपीसला लावून काढलेल्या फोटोवर स्केल टाकत असाल तर त्याच झूमवर स्टेज मायक्रोमीटरचाही फोटो हवा.

निदान २०-३० स्पोर मोजा, बाजूने पडलेले. टोकाचा अॅपिक्युलस (स्पोर बॅसिडियमला जोडलेला असतो ते टोक) मोजणीत धरू नका, काटे किंवा जाळी असेल तर तीही वगळा. लांबीला रुंदीने भागून येणारं क्यू मूल्य प्रत्येक स्पोरचं वेगळं काढा आणि मग सरासरी घ्या. मोजणी कशात केली, पाण्यात, केओएचमध्ये की मेल्झरमध्ये, हेही लिहा, कारण काही स्पोर केओएचमध्ये थोडे फुगतात. ७.४३ असलं काही लिहू नका. प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमताच साधारण ०.२ मायक्रॉन, तिथे दुसऱ्या दशांशाला काही अर्थ नाही.

आणि मोजलेले स्पोर पिकलेले होते ना? कोवळ्या अळंबीच्या गिलमधून ओरबाडून काढलेले स्पोर लहान आणि पातळ भिंतीचे असतात. पक्व स्पोर हवे असतील तर गिल सोडून ते जिथे आपसूक पडतात तिथे शोधा. दांड्यावरच्या कड्याची वरची बाजू, दांड्याचं वरचं टोक, गुच्छात वाढलेल्यांमध्ये खालच्या टोपीचा पृष्ठभाग, पाकिटाच्या तळाशी साठलेली भुकटी. कड्यावरून सुईच्या टोकाने घेतलेली चिमूट पुष्कळदा गिलच्या तुकड्यापेक्षा जास्त सांगून जाते.

हे स्पोर याच अळंबीचे आहेत का?

सह्याद्रीतल्या पावसात एकाच पिशवीत चार प्रकार भरून आणले की प्रत्येकावर बाकीच्या तिघांचे स्पोर पडतात. शिवाय वाळायला उशीर झाला तर पेनिसिलियम, अॅस्परजिलस, ट्रायकोडर्मा या बुरश्या आपापलं काम सुरू करतात. स्लाइडवर लहान, गोल, साखळीत लागलेले किंवा हिरवट कण दिसले की सावध व्हा. नियम सोपा आहे, बॅसिडियमला चिकटलेला स्पोर तेवढा आपला. निदान काही स्पोर बॅसिडियावर लागलेले दिसले पाहिजेत आणि मोकळे फिरणारे त्यांच्यासारखेच हवेत. पाकिटातली भुकटी वापरायची असेल तेव्हाही हीच पडताळणी करा.

एक पाकीट जवळून

आता एक नमुना शेवटपर्यंत नेऊ. पाकिटावर लिहिलंय: टर्मिटोमायसिस, सिंधुदुर्ग, बागेत, जुलै. आत टोपी आणि जमिनीलगत कापलेला दांडा. खालचा भाग नाही. गिल्स गुलाबट. कडं दिसत नाही. फोटो नाही.

टर्मिटोमायसिस हा गण रॉजर हाइम यांनी १९४२ साली मांडला. वाळवीच्या घरट्यातल्या मधपोळ्यासारख्या रचनेतून निघून जमिनीतून वर येणारा लांबलचक मुळासारखा भाग हे त्याचं शेतात सगळ्यात पटकन पटणारं लक्षण. गोळा करणाऱ्याने नेमका तोच जमिनीत ठेवलाय. अळंबी खाणारे लोक अशीच कापतात, त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण हर्बेरियमच्या (वाळक्या नमुन्यांच्या संग्रहाच्या) दृष्टीने पुरावा गेला. याच गणातली छोटी टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस तर वाळवीने बाहेर टाकलेल्या घरट्याच्या चुऱ्यावर शेकड्याने उगवते, तिला असं लांब मूळ शोधून उपयोग नाही.

गुलाबट गिल्स असलेले दावेदार तीन: टर्मिटोमायसिस, एन्टोलोमा आणि व्हॉल्व्हॅरिएला-प्लुटिअसचा गट. एन्टोलोमा वर सांगितल्याप्रमाणे कोनेदार स्पोरमुळे बाद होतं. उरलेल्या दोघांचे स्पोर गुळगुळीत, रंगहीन, आयोडीनला प्रतिसाद न देणारे. लांबीही एकमेकांवर येते, दोन्हींत ७-८ मायक्रॉनचे स्पोर सर्रास सापडतात. व्हॉल्व्हॅरिएलाच्या बुडाशी पिशवी असते, पण बूडच पाकिटात नाही. म्हणजे नुसत्या स्पोरवर नाव काढायला गेलं तर नाणं उडवण्यासारखंच.

इथे गिलचा आडवा छेद कामाला येतो. गिल अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवा आणि मग पाण्यात जेमतेम मऊ होऊ द्या. पूर्ण भिजवली तर ब्लेडखाली पसरते. गाजराच्या किंवा थर्माकोलच्या फटीत धरून पातळ चकत्या काढा. काठाजवळचा भाग नको, गिलचा मध्य हवा. आता धागे बघा. वरून खाली समांतर जात असतील तर टर्मिटोमायसिसला धरून आहे. दोन्ही बाजूंकडून आत, मध्यरेषेकडे झुकत असतील तर व्हॉल्व्हॅरिएला किंवा प्लुटिअस. मध्यरेषेकडून बाहेर फाकत असतील तर ॲमॅनिटा, आणि मग गुलाबटपणा हा गिलचा खरा रंग नसून वाळताना आलेला डाग असावा, ठशाचा रंग पांढरा गृहीत धरून पुन्हा सुरुवात करा. जुन्या नमुन्यात ही दिशा हरवलेली असू शकते, विशेषतः फार उष्णतेने वाळवला असेल तर. अशा वेळी कोवळ्या टोपीचा छेद घ्या, पिकलेल्या गिलमध्ये मधले धागे विस्कटतात.

समजा धागे समांतर निघाले. मग टोपीच्या मधोमधचं टोक बघा. जमीन फोडून वर येताना लागणारा कठीण, टोकदार उंचवटा टर्मिटोमायसिसच्या अनेक जातींत असतो आणि वाळल्यावरही टिकतो. मग गण नक्की झाला. जातीसाठी कड्याचा प्रश्न येतो. १९७९ साली दक्षिण भारतातून वर्णन झालेल्या टर्मिटोमायसिस हाइमाईला कडं असतं. वाळताना ते दांड्याला चिकटून जातं किंवा गळून पाकिटाच्या कोपऱ्यात पडतं. 'कडं नाही' लिहिण्याआधी पाकीट पांढऱ्या कागदावर झटका, तुकडे भिंगाखाली बघा. या पाकिटात तेही सापडलं नाही तर लेबल 'टर्मिटोमायसिस, जात अनिश्चित' इथेच थांबतं. त्यापुढे फोटो नसताना जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांना जातीचं नाव हवं असतं, हे समजतं, पण बळेच लावलेलं नाव पुढचे अनेक जण तसंच उचलतात.

हिरव्या गिल्सची छत्री

पुण्या-मुंबईतल्या हिरवळीवर पावसात दिसणारी मोठी, खवल्याखवल्यांची पांढरी छत्री, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, ही विषारी आहे. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. संग्रहांत ती वारंवार मॅक्रोलेपिओटा म्हणून सापडते, कारण कोवळ्या छत्रीच्या गिल्स पांढऱ्या असतात आणि हिरवट ठसा पिकल्यावरच मिळतो. वाळल्यावर पिकलेल्या गिल्स मळकट हिरवट-राखाडी दिसतात, पण एकट्या स्पोरमध्ये हा रंग इतका फिका असतो की केओएचमध्ये नाहीसाच होतो. त्यामुळे रंग गिलमध्ये, घोळक्यात बघा, किंवा कड्यावरच्या भुकटीत.

नमुना कोवळा असेल तर दोघांचेही स्पोर मोठे, जाड भिंतीचे, डेक्सट्रिनॉइड, टोकाला छिद्र असलेले. मेल्झरने इथे वेगळं काही कळणार नाही. छिद्राकडे तेलात बुडवायच्या ऑब्जेक्टिव्हने बघा. मॅक्रोलेपिओटात छिद्रावर काचेसारखं पारदर्शक टोपण असतं, क्लोरोफायलममध्ये ते नसतं, टोक छाटल्यासारखं दिसतं. टोपीच्या मधल्या खवल्याचा छेदही घ्या. क्लोरोफायलममध्ये उभ्या, फुगीर पेशींची दाट रांग दिसते, मॅक्रोलेपिओटात लांबट, बारीक पेशींची लव. या दोन गोष्टी जुळल्या की ठशाविनाही बोलता येतं.

पुस्तक युरोपचं, अळंबी सह्याद्रीची

स्पोर फुलले, मेल्झर पक्कं, मोजमाप बरोबर, तरीही वर्णन जुळता जुळता राहतं, असं असेल तर दोष बहुधा पुस्तकाचा. आपल्याकडच्या याद्यांमध्ये युरोपातली नावं मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातली अनेक केवळ दिसण्यावरून लागलेली आहेत. गॅनोडर्मा ल्युसिडम हे ठळक उदाहरण. हे नाव कर्टिस यांनी १७८१ साली लंडनजवळच्या पेकहॅममधल्या नमुन्यावर दिलं. त्यानंतर जगभरात जी काही लाल, चकचकीत, दांड्याची गॅनोडर्मा सापडली तिला हेच नाव चिकटलं. चीनमध्ये लागवडीत असलेली तथाकथित ल्युसिडम ही वेगळी जात आहे, हे गेल्या काही वर्षांत स्पष्ट झालं आणि २०१२ साली तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव मिळालं. कोकणातल्या आंब्याच्या किंवा सुरूच्या बुंध्यावरची गॅनोडर्मा 'ल्युसिडम' म्हणून पाकिटबंद करण्याआधी हे आठवा. मॅक्रोलेपिओटा प्रोसेराचंही तेच. आपल्याकडच्या उंच, सडपातळ छत्रीला आधी मॅक्रोलेपिओटा डोलिकॉलाशी ताडून बघा, तिचं मूळ वर्णन बर्कली आणि ब्रूम या ब्रिटिश बुरशीतज्ज्ञांनी श्रीलंकेच्या नमुन्यांवर केलं होतं.

श्रीलंका हा इथे कळीचा शब्द. पश्चिम घाट आणि श्रीलंका यांची बुरशीसृष्टी जवळची आहे आणि तिथल्या नमुन्यांवर एकोणिसाव्या शतकापासून काम झालंय. श्रीलंकेतून थ्वेट्स यांनी पाठवलेल्या नमुन्यांवर बर्कली आणि ब्रूम यांनी नावं दिली, पुढे टॉम पेच यांनी श्रीलंकेतल्याच पेराडेनियात बसून वाळवीच्या घरट्यातल्या बुरशीवर लिहिलं, आणि १९८६ साली डेव्हिड पेग्लर यांनी श्रीलंकेच्या गिल्सवाल्या अळंब्यांचा एकत्रित आढावा काढला. चावी निवडायची तर आधी ही, मग केरळवरची, आणि युरोपची सगळ्यात शेवटी. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम आहे. तिथल्या ठरलेल्या पद्धतीने परवानगी घेऊन नमुने ताडून बघता येतात. पडद्यावरच्या फोटोपेक्षा शेजारी ठेवलेलं दुसरं पाकीट कधीही जास्त शिकवतं.

डीएनएनेही वेगळंच नाव दिलं

आयटीएस हा डीएनएचा पट्टा २०१२ पासून बुरशीचा अधिकृत बारकोड (जात ओळखायची खूण) मानला जातो, त्यामुळे हल्ली पाकीट अडलं की थेट तिकडे धाव घेतली जाते. तिथे नेहमी अडणाऱ्या गोष्टी तीन.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया, चालतच नाही. नमुना फार गरम करून वाळवला असेल, ओला राहून कुजला असेल किंवा फॉर्मॅलिनमध्ये गेला असेल तर डीएनए तुटलेला असतो. संपूर्ण आयटीएसऐवजी त्याचे दोन भाग वेगवेगळे वाढवून बघा, आयटीएस१एफ-आयटीएस२ आणि आयटीएस३-आयटीएस४ या प्रायमरच्या जोड्यांनी. टेम्पलेट (नमुन्यातून काढलेला डीएनए) दहापट पातळ करून बघा, कारण बऱ्याचदा डीएनए असतो, पण सोबतचे रंगीत पदार्थ अडथळा आणतात. बरणीतल्या नमुन्यांकडून फार आशा ठेवू नका. मलायात काम केलेल्या ई. जे. एच. कॉर्नर यांनी बरेच नमुने फॉर्मॅलिन-अल्कोहोलमध्ये जपले. त्यांची सूक्ष्म रचना अजून बघता येते, पण डीएनए मिळवणं अवघड होऊन बसलं. आपल्या महाविद्यालयांतल्या शोभेच्या बरण्यांचीही तीच गत.

डीएनएचा क्रम मिळतो, पण ट्रायकोडर्माचा. वरचा थर खरवडून दांड्याच्या किंवा टोपीच्या आतल्या गरातून तुकडा घ्या. गिल्समधून घेऊ नका, तिथे बाहेरचं सगळं साठलेलं असतं. संग्रह दुसऱ्याचा असेल तर कापण्याआधी क्युरेटरची लेखी परवानगी हवी.

क्रम चांगला, पण ब्लास्टमध्ये (क्रम सार्वजनिक माहितीसाठ्याशी ताडणाऱ्या शोधात) पहिलं आलेलं नावच चुकीचं. सार्वजनिक माहितीसाठ्यात नाव देणारा माणूस आपल्यासारखाच असतो, तोही कधी कधी युरोपच्या पुस्तकावरून ल्युसिडम लिहून मोकळा होतो. पहिल्या ओळीवर थांबू नका. टाइप नमुन्यावरून (ज्यावरून जातीला नाव दिलं तो नमुना) आलेला क्रम यादीत आहे का, कोणत्या देशातला, त्याला व्हाउचर (संग्रहात जपलेल्या नमुन्याचा) क्रमांक आहे का, ते बघा. ९७ टक्के जुळलं म्हणजे जात ठरली, हा कायदा नव्हे. काही गणांत वेगवेगळ्या जाती ९९ टक्क्यांपर्यंत जुळतात.

पुढच्या पावसात पाकीटच नीट भरा

वरचे बहुतेक उपाय हे गोळा करताना राहिलेल्या गोष्टींची भरपाई आहेत. कोकणात जुलैमध्ये काहीही आपोआप वाळत नाही. ४० ते ४५ अंशांवर, हवा खेळती ठेवून वाळवा, मोठ्या टोप्या उभ्या चिरा. तापमान वाढवून वेळ वाचवू नका, अळंबी शिजते आणि मग ना धागे दिसत, ना डीएनए मिळत. कुरकुरीत झाल्यावर लगेच झिप पिशवीत सिलिका जेलसह बंद करा. एक छोटा तुकडा सुरुवातीलाच वेगळ्या सिलिकात टाका, तो डीएनएसाठी. पाकिटातले भुंगेरे मारायला पिशवी बंद ठेवून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आतल्या नमुन्यावर दव धरतं आणि सगळी मेहनत परत ओली होते.

प्रत्येक प्रकार वेगळ्या कागदात गुंडाळा. बूड खणून काढा, वारूळ असेल तर किती खोल गेलं ते मोजा. रात्री ठसा घ्या, अर्धा पांढऱ्या आणि अर्धा काळ्या कागदावर, आणि तोच कागद पाकिटात टाका. कापल्यावर किंवा घासल्यावर रंग बदलला का, वास कसा, कोणत्या झाडाखाली, हे जागेवरच लिहा. गावात तिला काय म्हणतात तेही लिहा. ओळमी, सात्या, टेकोडे अशी नावं एकाहून जास्त जातींना लागतात, पण गोळा करणाऱ्याने काय पाहिलं होतं याचा तो चांगला दुवा ठरतो.

आणि नाव बदलायची वेळ आलीच तर जुनी चिठ्ठी काढू नका. नवी चिठ्ठी तिच्या शेजारी लावा. त्यावर नवं नाव, तुमचं नाव, तारीख आणि कारण एका ओळीत: 'गिलमधले धागे आत झुकलेले, स्पोर गुळगुळीत, मेल्झरमध्ये प्रतिसाद नाही.' ज्या स्लाइडवर हे ठरलं तिची मोजमापं आणि वापरलेलं द्रावण मागच्या बाजूला.